सगळ्यांचं फोल्डर

"मॅडम, मला एवढंच सांगा, हे लिनक्स सरकारमान्य आहे का?"

प्राचार्य हिंगमिरे सरांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो आणि टेबलावर अकरा पेनड्राइव्ह मांडलेले होते. बारावा पेनड्राइव्ह वेगळा, एका बशीत ठेवला होता. त्यानेच सकाळी घात केला होता. त्यातून आलेल्या व्हायरसने ऑफिसच्या संगणकावरची तीन महिन्यांची माहिती गिळली होती आणि फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट उरले होते.

"सरकारमान्य म्हणजे काय, सर? जगन्मान्य आहे!" पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख साखळकर सर म्हणाले. "ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. माहिती मुक्त असली पाहिजे. लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य!"

"ते स्वातंत्र्य आमच्या विंडोजमध्ये उघडत नाही," मुळे भाऊसाहेब म्हणाले. ते आमचे कार्यालयीन अधीक्षक. कॉलेजात प्राचार्यांच्या खालोखाल कुणाचं चालत असेल तर त्यांचंच.

"आणि माझ्या मॅकमध्ये दोन्ही उघडत नाहीत," देसरकर मॅडम म्हणाल्या. त्या पत्रकारिता विभागाच्या. अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्या विभागाला तीन मॅक भेट दिले होते. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे.

ही दोन हजार नऊची गोष्ट. मी तालुक्याच्या त्या कॉलेजात संगणक प्रयोगशाळेची सहायक होते. कंत्राटी. दरवर्षी एकतीस मार्चला माझं कंत्राट संपायचं आणि एक एप्रिलला मी पुन्हा जन्माला यायचे, असं चार वर्षं चाललं होतं. माझं नाव वैजयंता काळदाते. पण तिथे सगळे मला नुसतं ‘मॅडम’ म्हणत, आणि तेही नेटवर्क बंद पडल्यावरच.

पुढच्या गुरुवारी मूल्यांकन समिती येणार होती. बाहेरच्या राज्यांतले प्राध्यापक दोन दिवस येतात, सगळं पाहतात आणि श्रेणी देतात. त्या श्रेणीवर कॉलेजची अब्रू पाच वर्षं तगते. सगळ्या विभागांची माहिती एकत्र करायची होती आणि विभाग तीन वेगवेगळ्या यंत्रभाषा बोलत होते.

"मॅडम, असं काहीतरी करा की सगळ्यांना एका ठिकाणी दिसेल," प्राचार्य म्हणाले. "कुणाचंही यंत्र असो."

मी दोन दिवसांत ते केलं. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स घातलं, त्यावर एक मोठं फोल्डर उघडलं आणि मधे एक दुभाषा बसवला. म्हणजे असा प्रोग्रॅम, की फोल्डर असतं लिनक्सवर, पण विंडोजवाल्याला वाटतं ते विंडोजचंच आहे आणि मॅकवाल्याला वाटतं मॅकचंच. ऑफिसच्या संगणकांवर ते ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसू लागलं. साखळकर सरांना मात्र दुभाषा मंजूर नव्हता. त्यांचं यंत्र मी थेट जोडून दिलं.

शुक्रवारी प्राचार्यांना दाखवायला गेले. त्यांनी एक फाईल टाकली, देसरकर मॅडमनी वरच्या मजल्यावरून फोन करून "दिसली!" म्हणून सांगितलं, आणि केबिनमध्ये टाळ्या वाजल्या.

"सर, पासवर्ड ठेवायचे का? प्रत्येक विभागाला वेगळा," मी विचारलं.

"पासवर्ड नको. माझ्या लक्षात राहत नाहीत."

"पण मग यात जे टाकाल ते सगळ्यांना दिसेल."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना, सर."

"उत्तम!" सर मुळे भाऊसाहेबांकडे वळले. "अहवालात घाला. ‘पारदर्शकता’ या मथळ्याखाली."

पहिले दोन दिवस मजेत गेले. मॅकवरून फोल्डर उघडलं की मॅक आपल्या सोयीसाठी त्यात बारीकसारीक फायली सोडतो. त्या विंडोजवर दिसू लागल्या आणि मुळे भाऊसाहेबांनी देसरकर मॅडमवर व्हायरस पसरवल्याचा लेखी आरोप केला. मॅडमनी लेखी उत्तर दिलं की त्यांच्या यंत्राला व्हायरस होतच नाही, ज्यांना होतो त्यांनी आपली राहणी तपासावी. मराठीत नावं दिलेल्या फायली ग्रंथालयाच्या जुन्या संगणकावर नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन दिसत. ग्रंथपालांनी अशी एक प्रश्नचिन्हांची फाईल उघडून पाहिली तर ती ‘प्राचार्यांचे मनोगत’ निघाली. मी आपली खालीवर धावत होते.

मंगळवारी दुपारी ओव्हाळ सर प्रयोगशाळेत आले. सिद्धार्थ ओव्हाळ इंग्रजी शिकवत. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यापुरते तुम्ही शिक्षक. शांत माणूस. येऊन माझ्याजवळचा स्टूल ओढून बसले.

"मॅडम, मी दोन हजार एकपासून या कॉलेजात कायम नोकरीत आहे. मला आज कळलं."

"म्हणजे?"

"त्या साली मी बारावीला होतो." ते हसले. "तुमच्या फोल्डरात ‘स्टाफ फायनल’ नावाची फाईल आहे. बघा."

मी उघडली. इंग्रजीत छान आखलेली यादी होती. प्राध्यापक व कर्मचारी, सगळे पूर्णवेळ, सगळे कायम. ओव्हाळ सर दोन हजार एकपासून. मी ‘संगणक विभाग प्रमुख, कायम’.

"अभिनंदन," ओव्हाळ सर म्हणाले. "आता तिच्या शेजारची उघडा."

शेजारी त्याच नावाची आणखी एक फाईल होती. फरक एवढाच, की एकीच्या इंग्रजी नावात पहिला एस छोटा होता आणि दुसरीत मोठा. विंडोजला हा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. माझा संगणक लिनक्सचा असल्यामुळे मला दोन्ही नीट उघडल्या.

मोठ्या एसवाली मराठीत होती. मुळे भाऊसाहेबांची भाषा मी कुठेही ओळखली असती.

‘समितीची भेट संपल्यानंतर कमी करावयाच्या तासिका तत्त्वावरील व कंत्राटी कर्मचाऱ्यांची यादी.’

चौदा नावं. तीच चौदा, जी दुसऱ्या यादीत कायम होती. शेवटचा रकाना ‘कारण’. त्यात चौदा वेळा एकच मजकूर: गरज संपली. ओव्हाळ सर पाचवे. मी अकरावी.

मी तो रकाना वरून खाली पुन्हा एकदा वाचला. चौदा वेळा वेगळं काहीतरी लिहायचा कंटाळा आला असेल, हे मी समजू शकत होते.

"आली कशी ही इथे?" मी विचारलं, पण उत्तर मलाच सुचत होतं. प्राचार्यांच्या संगणकावरचा झेड ड्राइव्ह म्हणजेच ते सगळ्यांचं फोल्डर, हे मुळे भाऊसाहेबांना शुक्रवारी ऐकूनही कळलं नव्हतं; त्यांना तो प्राचार्यांचा खाजगी ड्राइव्ह वाटला होता. ‘झेड’ हे शेवटचं अक्षर, म्हणजे सगळ्यांत आतलं कपाट. त्यांनी खरी यादी तिथे जपून ठेवली होती.

"आणि दुसरी, इंग्रजी?" मी विचारलं.

"ती साखळकर सरांनी टाकली. मला त्यांनीच नाव तपासायला बोलावलं होतं. ‘ओव्हाळ’ इंग्रजीत कसं लिहिता म्हणून."

मी उठून पदार्थविज्ञान विभागात गेले. साखळकर सर लिनक्सवर काहीतरी काळ्या पडद्यावर टाइप करत होते.

"सर, ती कायम लोकांची यादी तुम्ही केलीत?"

"फक्त फॉरमॅट केली. मुळ्यांनी पेनड्राइव्हवर दिली होती, रकाने वाकडेतिकडे होते."

"पण खोटी आहे ना ती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, मजकूर त्यांचा आहे. माझी जबाबदारी आखणीपुरती."

"तुम्ही म्हणता ना, माहिती मुक्त असली पाहिजे?"

"मुक्त म्हणजे खरीच असं कुठे म्हटलंय?" ते म्हणाले आणि पुन्हा काळ्या पडद्याकडे वळले.

परत आले तर ओव्हाळ सर तिथेच बसले होते. मी म्हटलं, "काय करायचं?"

"मला विचारू नका. मी बोललो तर भेटीआधीच कमी होईन. नाही बोललो तर भेटीनंतर." ते उठले. "बुधवारी माझा वर्ग आहे, वाक्यरूपांतराचा. तेवढा घेतो."

गुरुवारी सकाळी नऊला प्राचार्यांनी मला बोलावलं. समिती विश्रामगृहातून निघाली होती. प्राचार्यांनी नवा सूट घातला होता आणि मुळे भाऊसाहेबांना घाम फुटला होता.

"मॅडम, नेटवर्कमध्ये गडबड आहे," भाऊसाहेब म्हणाले. "एकाच नावाच्या दोन फायली दिसतात. इकडे क्लिक करावं तर कधी ही उघडते, कधी ती. आम्ही पडद्यावर यादी दाखवणार आहोत. छापील अहवालात नुसता आकडा आहे."

"कागदविरहित कारभार," प्राचार्यांनी आठवण करून दिली.

"दोन्ही फायलींचं नाव सारखंच आहे," मी म्हटलं. "एक काढून टाकली की झालं."

"मग टाका!"

"कुठली ठेवू, सर?"

मी हे मुद्दाम विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. दारात शिपाई होता, खुर्चीत संस्थेचे एक संचालक बसले होते, देसरकर मॅडम गुच्छ घेऊन उभ्या होत्या. प्राचार्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. खोटी ठेवा म्हणता येत नव्हतं. खरी ठेवा म्हणायचं तर प्रश्नच नव्हता.

"मॅडम, तुम्ही सुज्ञ आहात," ते म्हणाले. "योग्य ती ठेवा."

"नक्की ना, सर?"

"अहो, योग्य ती ठेवा म्हणजे योग्य ती ठेवा! वेळ नाही."

मी प्रयोगशाळेत गेले आणि योग्य ती ठेवली.

अकरा वाजता सभागृह भरलं. समितीत तिघं होते. अध्यक्ष सत्तरीच्या आसपासचे, बाहेरच्या राज्यातले, बोलायला मऊ. हिंदीत बोलत. आमचे पन्नासेक कर्मचारी मागे बसले होते. प्राचार्यांनी ध्येय सांगितलं, उद्दिष्ट सांगितलं, आणि ध्येय व उद्दिष्ट यांतला फरकही सांगितला. मग अध्यक्ष म्हणाले, "आपका स्टाफ देख लें?"

प्राचार्यांनी मान हलवली. मुळे भाऊसाहेबांनी क्लिक केलं.

भिंतीवर दहा फूट रुंदीत मराठी मजकूर उमटला. ‘समितीची भेट संपल्यानंतर कमी करावयाच्या...’

भाऊसाहेबांनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली. तीच. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. तिसऱ्यांदाही तीच आली.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "ये तो मराठी में है. क्या लिखा है, प्राचार्य जी?"

आता हिंगमिरे सरांबद्दल मी काहीही म्हणेन, पण त्या क्षणी माणूस डगमगला नाही. वीस वर्षं त्यांनी संस्थेच्या संचालकांना तोंड दिलं होतं. ते हसले.

"सर, ये हमारे चौदह विशेष सहकारी हैं. इनका... सन्मान करना है. आपके जाने के बाद."

अध्यक्ष प्रसन्न झाले. "जाने के बाद क्यों? हमारे सामने कीजिए! बुलाइए इन्हें."

प्राचार्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा चेहरा निघून गेल्यासारखा वाटला. पण पर्याय नव्हता. भाऊसाहेबांनी भिंतीवरची नावं एकेक करून वाचायला सुरुवात केली. कमी करायच्या क्रमाने. आम्ही एकेक करून व्यासपीठावर गेलो. समितीच्या दोन दिवसांच्या स्वागत-समारंभांसाठी ढिगाने आणलेले गुच्छ अध्यक्षांनी स्वतःच्या हातांनी आम्हाला दिले. प्रत्येक नावाला सभागृहात टाळ्या पडत होत्या. साखळकर सर वाजवत होते, देसरकर मॅडम वाजवत होत्या, ग्रंथपाल वाजवत होते. मला वाटलं, गोंधळलेत बिचारे, त्यांना अजून वाचून समजलेलं दिसत नाही.

माझ्या वाट्याला निशिगंधाचा गुच्छ आला. "बहुत बढ़िया, बेटी," अध्यक्ष म्हणाले. मी घरून ठरवून आले होते की यादी दिसली की समिती वाचेल आणि पुढचं आपोआप होईल. समितीला मराठी येत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्रांमधे दुभाषा बसवला होता. माणसांमधे बसवायचा राहून गेला होता. मी नुसती गुच्छ धरून उभी राहिले.

"आप कितने साल से हैं यहाँ?" अध्यक्षांनी ओव्हाळ सरांना विचारलं.

ओव्हाळ सरांनी गुच्छ खाली टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, प्राचार्यांकडेही नाही. भिंतीकडे वळले आणि वर्गात फळ्याकडे बोट करतात तसं त्या शेवटच्या रकान्याकडे बोट केलं.

"सर, आय टीच इंग्लिश. मे आय ट्रान्सलेट?"

"ओव्हाळ सर, भावुक होऊ नका," प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले.

ते भावुक झालेच नाहीत. एकेक शब्द घेऊन, सावकाश, मागच्या बाकावरच्या मुलालाही कळेल अशा इंग्रजीत त्यांनी सांगितलं. ‘भेट’ म्हणजे तुमची ही व्हिजिट. ‘संपल्यानंतर’ म्हणजे ती झाल्यावर. ‘कमी करावयाच्या’ म्हणजे काढून टाकायच्या. हे भविष्यकाळी कर्मणी विशेषण आहे, त्यात करणाऱ्याचं नाव येत नाही. ‘गरज’ म्हणजे नीड. ‘संपली’ म्हणजे इज ओव्हर. मग त्याच इंग्रजीत म्हणाले, "तीन वर्षं, सर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आठवड्याला नऊ तास."

अध्यक्षांनी चौदा जणांकडे, आमच्या हातांतल्या फुलांकडे पाहिलं. बहुतेक त्यांना ती फुलं परत मागावीशी वाटली असतील, आमची थट्टा थांबावी म्हणून.

"हाजिरी का रजिस्टर लाइए," ते म्हणाले. "असली वाला."

श्रेणी एक पायरी खाली आली. गावात फ्लेक्स लागला, ‘घवघवीत यश’. समितीने चौदा नावं अहवालात नोंदवून वर्षभराने त्यांचं काय झालं ते कळवायला सांगितलं, त्यामुळे तेरा जणांची गरज संस्थेला पुन्हा भासू लागली. उरलेल्या एकीची चौकशी लागली. आरोप होता, ‘गोपनीय दस्तऐवज नेटवर्कमध्ये सर्वांना दिसेल असा ठेवणे’.

चौकशी समितीचे अध्यक्ष साखळकर सर. महिला प्रतिनिधी देसरकर मॅडम. इतिवृत्त लिहायला मुळे भाऊसाहेब.

"फाईल तुम्ही ठेवलीत?" साखळकर सरांनी विचारलं.

"नाही. दोनपैकी एक मी काढली, प्राचार्यांच्या सांगण्यावरून. ठेवली कुणी ते सांगते." मी आदल्या दिवशी काढलेला छापील कागद समोर ठेवला. त्या जुन्या संगणकावर मी एक सोय चालू ठेवली होती. कुठल्या यंत्रावरून कुठली फाईल केव्हा आली, केव्हा उघडली, केव्हा बंद झाली, याची तो आपोआप नोंद ठेवत असे. हरवलेल्या फायलींची भांडणं मिटवायला बरी पडेल म्हणून. "शनिवार, सकाळी दहा बेचाळीस. प्राचार्यांचं यंत्र."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं.

तिथे थांबले असते तरी भागलं असतं. पण मी तो कागद रात्री पूर्ण वाचला होता आणि त्यानंतर मला झोप आली नव्हती.

"त्याच दिवशी बारा दहा," मी वाचू लागले. "पत्रकारिता विभाग, पहिला मॅक. उघडली. बारा वीस, वाणिज्य विभाग. बारा पस्तीस, ग्रंथालय. सोमवारी सकाळी, पदार्थविज्ञान विभागप्रमुख, चार वेळा. सोमवार संध्याकाळपर्यंत सेहेचाळीसपैकी एकतीस यंत्रं. ओव्हाळ सर माझ्याकडे आले मंगळवारी. सगळ्यांत शेवटी कळलेले आम्हीच होतो, ज्यांची नावं त्यात होती."

मला व्यासपीठावरून दिसलेली सभा आठवत होती. वाजणारे हात.

"हा लॉग ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" साखळकर सर म्हणाले.

"कुणी नाही, सर."

"मग हे इतिवृत्तात घेता येणार नाही."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण घातलं. माझं कंत्राट त्या एकतीस मार्चला संपलं आणि एक एप्रिलला मी पुन्हा जन्मले नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. ओव्हाळ सर दोन वर्षांनी परीक्षा देऊन दुसरीकडे कायम झाले, खरोखरचे.

चौकशीच्या त्या दिवशी बैठक संपल्यावर मी प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला ऑफिसकडे चालले होते. मागून देसरकर मॅडमच्या चपलांचा आवाज आला. त्या माझ्या बरोबरीने चालू लागल्या. वाईट बाई नव्हत्या. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी डबा पाठवला होता.

"वैजयंता," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच माझ्या नावाने. "मी उघडली होती गं. सबंध वाचली. दोनदा."

"हो, मॅडम. नऊ मिनिटं उघडी होती."

त्या थबकल्या. पदर सारखा केला.

"पण त्यात माझं नाव नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपल्यासाठी नसेल."